तीन बारचा भरवसा

पेट्रोल गाडीच्या इंजिनात या क्षणाला नेमकं किती पेट्रोल गेलं, हे गाडीतला कोणताही भाग मोजत नाही. हवा मोजली जाते, पाण्याचं तापमान मोजलं जातं, ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे कळतं, क्रँक कोणत्या कोनात आहे हेसुद्धा कळतं. पेट्रोलला मात्र माप लावलेलं नसतं. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, फक्त वेळ ठरवतो. इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा राहील, एवढाच त्याचा हुकूम. तेवढ्या वेळात ठरलेलं पेट्रोल गेलंच असणार असं तो धरून चालतो. ही सगळी गणना एकाच खांबावर उभी असते: इंजेक्टरच्या मागे पेट्रोलचा दाब कंपनीने ठरवलाय तेवढाच आहे.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. व्हॉल्व्ह दोन तास उघडा ठेवला की झाडाला अमुक लिटर पाणी मिळतं, हा हिशेब नळीतला दाब नीट असेल तरच खरा. फिल्टर गाळाने भरला आणि दाब उतरला, की घड्याळात दोन तास भरतात आणि झाड तहानलेलं राहतं. म्हणून तर शेतकरी फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबमापक लावतो आणि दोन्हींतला फरक बघतो. गाडीत असा दाबमापक सहसा डोळ्यांसमोर नसतो. त्यामुळे दाब हळूहळू उतरत जातो आणि मालकाला एवढंच जाणवतं की गाडीचा पिकअप गेला.

पिकअप गेला की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, थ्रॉटल बॉडी धुवा. दुसरा, हौशी मंडळींचा, म्हणजे ॲडजस्टेबल रेग्युलेटर बसवून फ्युएल प्रेशर वाढवा. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, असा त्यामागचा समज. माझं म्हणणं असं आहे की रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना जास्त दाब नकोच असतो, त्यांना ठरलेला दाब हवा असतो. तो आहे की नाही हे इंजिनाच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि ते ओळखायला शिकणं कोणताही पार्ट विकत घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आधी थोडा हिशेब करू. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी. तो पूर्ण भरला तर त्यात साधारण ०.३६ ग्रॅम हवा मावते. पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका स्फोटाला जेमतेम २४ ते २५ मिलिग्रॅम पेट्रोल पुरतं. घनफळात हे ३३ मायक्रोलिटर, पावसाच्या एका मोठ्या थेंबाएवढं. आता इंजेक्टर ३ बार दाबाला मिनिटाला १५० मिलिलिटर पेट्रोल सोडणारा असेल, तर मिलिसेकंदाला अडीच मायक्रोलिटर. ३३ मायक्रोलिटरसाठी त्याला सुमारे १३ मिलिसेकंद उघडं राहावं लागेल. इंजिन ६००० आरपीएमवर फिरत असताना एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत उरकतं. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. इंजेक्टरने उपलब्ध वेळेच्या ८०-८५ टक्क्यांपलीकडे उघडं राहू नये असा संकेत आहे, कारण त्यापुढे तो नीट मिटत नाही आणि मापही बिघडतं.

दाब बदलला की काय होतं? इथे एक नियम कायम लक्षात ठेवावा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब दुप्पट केला तरी पेट्रोल दुप्पट होत नाही, ४१ टक्के वाढतं. ३ बारचा दाब ४ बार केला तर पेट्रोल सुमारे १५ टक्के वाढतं. उलट बाजूने, तो ३ वरून २.२ बारवर घसरला तर पेट्रोल १४ टक्क्यांनी घटतं. वर्गमूळ असल्यामुळे थोडीफार घसरण इंजिन सहन करून घेतं. म्हणूनच मरायला टेकलेला पंप महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दाब म्हणजे नेमका कुठला दाब, हेही स्पष्ट हवं. इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोल असतं आणि दुसरं टोक इनटेक मॅनिफोल्डमध्ये उघडतं. मॅनिफोल्डमध्ये नेहमी सारखा दाब नसतो. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे तिथे फक्त ०.३ ते ०.४ बार दाब उरतो आणि व्हॅक्यूम पेट्रोलला आत ओढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो बाहेरच्या हवेएवढा, १ बारच्या आसपास जातो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत रेग्युलेटर इंजिनावर, इंजेक्टरच्या रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, लावलेला असे. त्याच्या पोटात एक पडदा, त्यावर स्प्रिंग, आणि वरून एक बारीक नळी मॅनिफोल्डला जोडलेली. व्हॅक्यूम वाढला की पडदा वर खेचला जातो, जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं आणि रेलमधला दाब तेवढाच उतरतो. परिणामी इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम ३ बार राहतो. अशा गाडीत गेज लावलं तर आयडलिंगला २.४ च्या आसपास दिसतं आणि व्हॅक्यूमची नळी काढली की ३ वर उडी मारतं. ही उडी दिसली नाही तर रेग्युलेटर गेला. नळी काढल्यावर तिच्यातून पेट्रोलचा वास किंवा ओल आली तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन त्या वाटेने कच्चं पेट्रोल पितंय.

आताच्या बहुतेक गाड्यांत रिटर्न लाइन नाही. रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या डब्यात बसवलेला असतो आणि तो ३.५ ते ४ बारच्या आसपास एकच दाब राखतो. मॅनिफोल्डमधला बदल ईसीएम स्वतः हिशेबात धरून इंजेक्टरची वेळ कमी-जास्त करतो. गरम इंजिनाजवळून फिरून आलेलं पेट्रोल परत टाकीत जात नसल्यामुळे टाकी थंड राहते आणि पेट्रोलची वाफ कमी होते, हा या बदलाचा मोठा फायदा. मात्र या गाड्यांत रेग्युलेटर घट्ट करून दाब वाढवण्याची सोयच नाही. आणि वाढवलाच, तर ईसीएमला ते कुणी सांगत नाही.

ईसीएमला न सांगता दाब वाढवला तर काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. १९७६ मध्ये व्होल्वोने बॉशचा असा सेन्सर अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बसवला, आणि इंजिन स्वतःच्या धुरावरून स्वतःला सुधारू लागलं. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. उरला नसेल तर रिच. साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हेलकावे खातो आणि ०.४५ व्होल्टच्या आसपास तो कूस बदलतो. ईसीएम सेकंदासेकंदाला त्याच्याकडे बघून इंजेक्टरची वेळ सुधारतो. तुम्ही दाब वाढवून १५ टक्के जास्त पेट्रोल ढकललंत, तर काही किलोमीटरमध्ये ईसीएम तेवढीच वेळ कापून टाकतो. शहरात, हायवेवर एकाच वेगाने चालवताना, सगळीकडे गाडी पूर्वीसारखीच चालते. पैसे खर्च झाले, बदल शून्य.

बदल होतो तो फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. तेव्हा बऱ्याच गाड्यांत ईसीएम सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि आधीच भरून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. हा तक्ता मुद्दाम रिच ठेवलेला असतो, कारण सर्वाधिक ताकद १२.५ ते १३ च्या आसपासच्या प्रमाणाला मिळते आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरचा आतला भाग थंड ठेवतं. त्यात आणखी १५ टक्के ओतलं की मिश्रण ११ च्या आसपास जातं आणि ताकद वाढण्याऐवजी घटते. प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुतली जाते, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर आतून वितळल्याची उदाहरणं याच वाटेने घडतात.

मग दाब वाढवायची गरज कधीच नसते का? असते. इंजिनाची हवा खरोखर वाढली असेल तेव्हा. टर्बो किंवा सुपरचार्जर बसवला, इंजेक्टर त्यांच्या ८५ टक्क्यांच्या मर्यादेला टेकले, तर दाब वाढवून त्याच इंजेक्टरमधून थोडं जास्त पेट्रोल काढता येतं. १९९० च्या दशकात घरगुती टर्बो किटबरोबर एक वेगळाच रेग्युलेटर येत असे. टर्बोचा दाब एक पीएसआयने वाढला की तो पेट्रोलचा दाब कित्येक पीएसआयने वाढवायचा. ईसीएमला हात लावायची सोय नव्हती तेव्हाचा तो उपाय होता. आज ईसीएमचा तक्ताच बदलता येतो, त्यामुळे आधी तक्ता, मग मोठे इंजेक्टर, आणि दाब सर्वात शेवटी असा क्रम शहाणपणाचा. दाब चढवताना पंपाकडेही बघावं लागतं. दाब जितका जास्त तितका पंप कमी पडतो, म्हणजे तो मिनिटाला कमी पेट्रोल देतो आणि जास्त करंट खातो. फार दाबाला इंजेक्टरची सुई उचलणंही कॉइलला जड जातं. रेग्युलेटरवर ५ बार दिसले तरी ६००० आरपीएमला रेलमध्ये ते टिकतीलच असं नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ओबीडी-२ हे सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. भारतात चारचाकींना ते २०१३ पासून आलं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर गाडी बोलू लागते. स्वस्त ॲडॅप्टर सेकंदाला मोजकेच आकडे आणू शकतो, म्हणून पंधरा गोष्टी एकदम उघडू नयेत. चार-पाच निवडाव्यात: आरपीएम, इंजिन लोड, मॅनिफोल्डचा दाब किंवा हवेचं वजन, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय ट्रिम वाचू नयेत.

पहिली परीक्षा इंजिन चालू न करताच घेता येते. चावी ऑन करा आणि मॅनिफोल्डचा दाब वाचा. इंजिन बंद असल्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असतो. मुंबईत १०० किलोपास्कलच्या, म्हणजे १ बारच्या जवळ, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास दिसायला हवा. त्यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं वाचन वाया जाणार.

दुसरा आणि सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे ईसीएम आत्ता करत असलेली दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे त्याने शिकून ठेवलेली सवय. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज अधिक असेल तर ईसीएम पेट्रोल वाढवतोय, कारण त्याला मिश्रण लीन दिसतंय. उणे असेल तर तो कापतोय. पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतं. दहाच्या पलीकडे गेलं की शोध घ्यावा. अधिक वीस-पंचवीसच्या पुढे ईसीएम स्वतःच हात टेकतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि पी०१७१ असा कोड ठेवतो. तो कोड मिळाला की अनेक ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. मला हे फार खटकतं. सेन्सरने आपलं काम केलेलं असतं, त्याने लीन मिश्रण पकडून दिलेलं असतं, आणि बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा होते.

मिश्रण लीन का झालं हे ट्रिमचा नुसता आकडा सांगत नाही. तो कधी वाढतो ते सांगतं. हवा वजनाने मोजणाऱ्या गाडीत आयडलिंगला अधिक १८ आणि २५०० आरपीएमला अधिक ४ असं दिसलं, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. फाटलेली नळी किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. चोरीची हवा तेवढीच असते, पण आयडलिंगला एकूण हवा थोडी असल्यामुळे तिचा वाटा मोठा होतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्या मात्र हवा वजनाने मोजत नाहीत, मॅनिफोल्डच्या दाबावरून काढतात. त्यांच्यात चोरीची हवाही हिशेबात येते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच चढतं. अशा गाडीत चोरीची हवा ट्रिममध्ये शोधत बसून उपयोग नाही.

उलट चित्र दाबाचं. आयडलिंगला ट्रिम ठीक, लोड वाढेल तसा चढत जाणारा, तर संशय पंपावर, फिल्टरवर, क्वचित पंपाच्या वायरिंगवर. याचं कारण परत आकड्यांत सापडतं. आपलं १२०० सीसीचं इंजिन आयडलिंगला तासाला पाऊण लिटर पेट्रोल पितं. पूर्ण ताकदीला तेच तासाला २५ लिटरच्या आसपास मागतं. तीसपट फरक. चोक झालेला फिल्टर पाऊण लिटर आरामात सोडतो. म्हणून गाडी गॅरेजमध्ये उभी असताना शहाण्यासारखी चालते, मेकॅनिक रेस देऊन बघतो तर सगळं ठीक, आणि चार माणसं, सामान आणि एसीसह खंबाटकीचा घाट चढायला लागली की धापा टाकते. उभ्या गाडीत रेस देणं म्हणजे लोड नव्हे. हे आकडे चढावरच घ्यायला हवेत, आणि मोबाइलकडे बघायला शेजारी दुसरं माणूस हवं.

वर्गमुळाचा नियम इथे कामाला येतो. दाब ३ वरून २.२ बारवर आला तर पेट्रोल १४ टक्के कमी पडतं आणि भरून काढायला ईसीएमला वेळ १७ टक्क्यांनी वाढवावी लागते. म्हणजे लोडवर अधिक १७ दिसलं तर दाब किती उतरला असेल याचा अंदाज गेज लावण्याआधीच बांधता येतो. त्यानंतर एक धोक्याची खूण बघायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना साध्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.८ ते ०.९ ला चिकटून राहायला हवं. ते ०.२ वर कोसळलं तर इंजिन सर्वात जास्त कष्ट करत असताना उपाशी आहे. तिथे पाय काढावा. लीन मिश्रण जास्त तापतं, नॉकिंग सुरू होतं, आणि पिस्टनचा माथा किंवा रिंगमधली कड तुटायला फार वेळ लागत नाही.

साध्या पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या दाबाचा सेन्सरच नसतो, त्यामुळे ॲपमध्ये तो रकाना रिकामा दिसतो. तिथे रेलला जोडायचं यांत्रिक गेजच लागतं. गेज लावल्यावर एकच आकडा बघून ते काढू नये. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद घुमतो तेव्हा दाब किती पटकन चढतो ते बघावं. मग आयडलिंगला, मग लोडवर. शेवटी इंजिन बंद करून तो किती वेळ टिकतो ते बघावं, आणि हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. पेट्रोलचे हलके घटक साध्या हवेच्या दाबाला ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात गाडी बंद केली की इंजिनाची धग रेलमध्ये चढते. तिथे दाब टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. पंपातला चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर दाब उतरतो, रेलमध्ये वाफ साठते आणि पानटपरीवर दहा मिनिटं थांबलेली गाडी पुन्हा चालू व्हायला तयार नसते. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू दिला आणि मग स्टार्टर मारल्यावर गाडी लगेच लागली, तर निदान झालंच. टाकी कायम रिझर्व्हला ठेवून फिरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

गेल्या काही वर्षांत ट्रिममध्ये आणखी एक पाहुणा आलाय. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने २०२२ मध्ये गाठलं आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. त्यातला काही भाग आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून येतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका ग्रॅममागे ९ ग्रॅमच हवा लागते. २० टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोल धरून आखलेल्या गाडीत तेवढ्यामुळेच ट्रिम सात-आठ टक्के वर जातो. हा बिघाड नव्हे. पण आधीच पंप थकल्यामुळे अधिक १५ वर असलेली गाडी या पेट्रोलवर अधिक २२-२३ वर पोचते, तेव्हा दिवा लागतो आणि सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलला जातो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असल्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच, ते दाब बदलून परत मिळत नाही. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि तो सिलिंडर थंड करतो, हा फायदा मात्र त्यासाठी आखलेल्या इंजिनालाच पुरा घेता येतो.

डिझेलची गोष्ट वेगळ्या पातळीवरची आहे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच रेल, पहिल्यांदा मोटारीत आलं आणि दाबाची भाषाच बदलली. त्याच घराण्यातलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट पुण्याजवळ रांजणगावला बनत होतं आणि इंडिका व्हिस्टापासून लीनियापर्यंत अनेक गाड्यांत होतं. त्याच्या रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब जायचा. आजची इंजिनं २००० बारच्या वर जातात. इथे रेलवर सेन्सर असतोच आणि स्कॅनर दोन आकडे दाखवतो, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालायला हव्यात. चढावर मिळालेल्या दाबाची रेषा खाली पडू लागली आणि पी००८७ कोड आला, तर लगेच महागडा हाय प्रेशर पंप मागवू नये. आधी डिझेल फिल्टर आणि टाकीकडून येणाऱ्या नळ्या बघाव्यात, मग इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्यांना लहान बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते मोजावं. चारपैकी एकच बाटली झपाट्याने भरली तर चोर सापडला.

डिझेल गाड्यांसाठी विकले जाणारे ट्यूनिंग बॉक्स याच सेन्सरशी खेळतात. सेन्सर आणि ईसीएमच्या मध्ये तो डबा बसतो आणि खरा दाब १४०० असताना १३०० कळवतो. ईसीएम बिचारा दाब वाढवतो. त्याच वेळात जास्त डिझेल जातं आणि गाडी खरंच जोर धरते, हे नाकारता येणार नाही. पण त्यानंतर स्कॅनरवरचा दाबाचा आकडा खोटा झालेला असतो. रेल, इंजेक्टरच्या तोट्या आणि टर्बो खरोखर किती सोसतायत हे मालकाला कळत नाही, मेकॅनिकला कळत नाही आणि ईसीएमलाही कळत नाही. बीएस-६ गाडीत जास्तीची काजळी एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये साठते ती वेगळीच. ज्यांना डिझेलची ताकद वाढवायची आहे त्यांनी ईसीएमचा तक्ता जाणकाराकडून बदलून घ्यावा, आधीचे आणि नंतरचे लॉग हातात मागून घ्यावेत, आणि वॉरंटी तसंच नोंदणीचे नियम आधी वाचावेत. 

काम करताना जिवाची काळजी आधी. पेट्रोलची लाइन खोलण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे दाब उतरतो. जवळ फायर एक्स्टिंग्विशर, खाली कापड, आणि एक्झॉस्ट थंड. कॉमन रेलची नळी चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते, वरून सुईच्या टोचेएवढीच खूण दिसते आणि आतला हात वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया लागते. जुन्या इंजिनांवर नट सैल करून हवा काढण्याची सवय ज्यांच्या हाताला आहे त्या अनुभवी मेकॅनिकांनाच हा धोका सर्वात जास्त आहे.

२०२० मध्ये बीएस-६ आलं आणि इंजेक्शन जवळजवळ सगळ्या स्कूटर-मोटरसायकलींपर्यंत पोचलं. कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू कानाने लावणारे हजारो कुशल हात एका रात्रीत वेगळ्या यंत्रासमोर उभे राहिले. तालुक्याच्या ठिकाणी आजही बंद पडलेल्या स्कूटरचा ईसीएमच बदलायला सांगितलं जातं. त्या स्कूटरमध्येही तेच तत्त्व आहे. टाकीत छोटा पंप, सुमारे ३ बार दाब, एक इंजेक्टर. चावी ऑन केल्यावर पंपाचा घूं आवाज येतो का, पंपाच्या कनेक्टरवर पूर्ण बॅटरी व्होल्टेज पोचतं का, आणि गेजवर २९० ते ३०० किलोपास्कल टिकतात का, एवढं बघायला मल्टिमीटर आणि दुचाकीच्या जोडण्यांसहचं गेज पुरतं.  आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या तासाला हे गेज पहिल्या महिन्यात मुलांच्या हातात द्यावं. आणि ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याने ती तंदुरुस्त असतानाच एकदा आकडे लिहून ठेवावेत: गरम आयडलिंगचा ट्रिम, २५०० आरपीएमचा ट्रिम, नेहमीच्या चढावर तिसऱ्या गिअरमधला ट्रिम, इंजेक्टरची वेळ, आणि सोबत तारीख, किलोमीटर व कोणतं पेट्रोल भरलं होतं ते. पुढे कधी पिकअप गेल्यासारखा वाटला, तर त्याच चढावर तेच आकडे पुन्हा घेऊन शेजारी मांडता येतील.